रिकामी फेरी कोण चालवणार? – बेस्ट, एसटी आणि भाडेतत्त्वावरच्या गाड्या

माणदेशी (धागाकर्ता):

मुंबईत बेस्ट, गावाकडे एसटी, पुण्यात पीएमपी. तिन्हीकडे गेली काही वर्षं एकच पद्धत रुजवली जातेय. गाडी ठेकेदाराची, चालक त्याचा, देखभाल त्याची. तिकिटाचे पैसे आणि तोटा मात्र सार्वजनिक संस्थेचा. यावर इथे एकदा नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

बेस्टपासून सुरू करतो, कारण तिथे सगळी वाटचाल डोळ्यांसमोर घडलीये. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, मुंबई महापालिकेने ट्राम, बस आणि वीजपुरवठा खाजगी कंपनीकडून विकत घेतला. पुढची कित्येक दशकं विजेच्या नफ्यातून बसची तूट भरून निघत होती. नियामकांच्या नव्या व्यवस्थेत ते गणित मोडलं. तूट फुगत गेली, गाड्या जुन्या झाल्या, नव्या घ्यायला पैसा राहिला नाही. जानेवारी २०१९ मध्ये नऊ दिवस संप चालला. त्याच वर्षी जूनमध्ये महापालिका, बेस्ट आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला: भाड्याच्या गाड्या येऊ देत, पण बेस्टचा स्वतःचा ताफा ३,३३७ च्या खाली जाणार नाही. जुलैत किमान तिकीट ५ रुपयांवर आलं आणि लोक खूश झाले. आज स्वतःच्या गाड्या काही शेकड्यांवर आल्यात आणि ९ मे २०२५ पासून किमान तिकीट १० रुपये झालंय, एसीला १२.

आता पैसे कसे फिरतात ते बघा. ठेकेदाराला किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो. गाडीत पाच माणसं असोत की पासष्ट, त्याचं बिल तेवढंच. म्हणजे प्रवासी वाढावेत यात त्याला काही मिळत नाही. निविदा मिळवायची तर दर कमी लावायचा, आणि एकदा दर कमी लावला की बचत करायला दोनच जागा उरतात: चालकाचा पगार आणि गाडीची देखभाल. तेवढ्यानेही भागलं नाही तर काय होतं हेही मुंबईने पाहिलंय. २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये ठेकेदार करार अर्धवट टाकून बाहेर पडले आणि शेकडो गाड्या रस्त्यावरून एकदम गेल्या. स्वतःचा ताफा असा एका दिवसात नाहीसा होत नाही.

पण माझा मुख्य मुद्दा पैशांचा नाही. रात्रीची शेवटची फेरी, पहाटेची पहिली, टेकडीवरच्या वस्तीची, हॉस्पिटलच्या दारापर्यंत जाणारी, या फेऱ्या कधीच पैसे मिळवून देणार नाहीत. त्या कोणीतरी तोटा माहीत असून चालवायच्या असतात. तो निर्णय घ्यायचा अधिकार आणि तो अमलात आणायची ताकद, म्हणजे स्वतःच्या गाड्या, स्वतःचे चालक आणि स्वतःची कार्यशाळा, या दोन गोष्टी एकाच हातात असल्या तरच त्या फेऱ्या टिकतात. भाडेतत्त्वात अधिकार कागदावर आपल्याकडे राहतो आणि ताकद हळूहळू निघून जाते. दहा वर्षांनी करार संपला की आपल्याकडे ना मेकॅनिक, ना चालक, ना गाड्या. मग पुढचा दर ठेकेदार सांगेल तो.

तुमच्या गावात, शहरात काय अनुभव आहे? वेगळं मत असेल तर तेही सविस्तर लिहा.

---

हिशोबनीस:

तळमळ पोचली, पण मांडणी एकतर्फी वाटली.

एक, स्वतःच्या गाड्यांचा किलोमीटरमागचा खर्च भाड्याच्या गाडीपेक्षा बराच जास्त येतो. निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी, जुन्या गाड्यांचे ब्रेकडाऊन, सगळं त्यात येतं. तो पैसा आभाळातून पडत नाही. महापालिकेने बेस्टला दिलेला प्रत्येक रुपया दुसऱ्या कुठल्यातरी कामातून काढलेला असतो.

दोन, विजेवरच्या गाड्यांबाबत महापालिकांना फारसा पर्यायच ठेवला गेला नाही. केंद्राच्या फेम-२ या विजेवरच्या वाहनांना मदत देणाऱ्या योजनेत बसचं अनुदान किलोमीटरमागे पैसे देण्याच्या पद्धतीलाच होतं. पुढे २०२३ मध्ये पीएम ई-बस सेवा आली, १०,००० बसची. तीही खाजगी भागीदारीतूनच. म्हणजे स्वतः विकत घ्यायचं म्हटलं तर अनुदान नाही, भाड्याने घेतलं तर आहे. कुठलाही आयुक्त भाड्यानेच घेईल.

तीन, लंडन. तिथे बस चालवणाऱ्या सगळ्या कंपन्या खाजगी आहेत. मार्ग, वेळापत्रक, तिकीट सगळं ट्रान्सपोर्ट फॉर लंडन ठरवते. गाडी वेळेत आली तर बोनस, प्रवाशाला जास्त ताटकळावं लागलं तर पैसे कापतात. उत्तम चाललंय. दोष खाजगी असण्याचा नाही, करार ढिसाळ लिहिण्याचा आणि लिहून झाल्यावर त्याकडे न बघण्याचा आहे.

---

शेवंती:

हिशोबनीस, तुमचा दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि तो बातम्यांत कधी येत नाही. धन्यवाद.

मी मराठवाड्यात एका माध्यमिक शाळेत शिकवते. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी राज्य सरकारात विलीन करा या मागणीसाठी कर्मचाऱ्यांचा संप चालला. गावात एसटी नसली तर काय होतं याचं त्याहून स्पष्ट उत्तर कुठल्या अहवालात मिळणार नाही. करोनानंतर शाळा नुकत्या उघडत होत्या. गावोगावच्या काळी-पिवळी आणि जीपवाल्यांना सुगी आली. त्यात त्यांचं चूक आहे असंही मी म्हणत नाही, त्यांचंही पोट आहे. पण जीपमध्ये पास चालत नाही. आणि जीप भरल्याशिवाय निघत नाही, तिला शाळेच्या घंटेशी काही देणंघेणं नाही.

माझ्या वर्गातल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी मोटारसायकल होती ते येत राहिले. मुली आधी एक दिवसाआड येऊ लागल्या, मग फक्त चाचणीच्या दिवशी. दोघी-तिघींच्या घरी मी स्वतः गेले. एकीची आई म्हणाली, "बाई, जीपमधी मागं पुरुषमाणसांच्या मांडीला मांडी लावून पोरगी कशी पाठवू? एसटीत कंडक्टर असतो, त्याला सगळं गाव वळखतं." त्यातली एक मुलगी दहावीला बसली नाही.

आमच्याकडे सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या एसटीच्या निळ्या गाड्या आहेत, खास मुलींना शाळेत ने-आण करण्यासाठी. मुलींना पास मोफत आहे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. त्या निर्णयानंतर आमच्या थांब्यावर बायका वाढलेल्या मी रोज बघते. माहेरी, दवाखान्यात, बँकेत एकट्या जातात. या सगळ्या सवलती सरकार एसटीला सांगू शकतं म्हणून मिळतात. ट्रॅव्हल्सवाल्याला कोण सांगणार?

---

निवृत्त_वाहक:

३१ वर्षं एसटीत होतो, त्यातली बरीच कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या गाड्यांवर. दोन गोष्टी सांगतो.

मुक्कामी गाडी म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला माहीत नसतं. संध्याकाळी आगारातून निघायचं, गावात पोचायला रात्रीचे नऊ. पंचायतीच्या खोलीत किंवा देवळात पथारी. पावसात गाडीतच, मधल्या पॅसेजमध्ये ताडपत्री टाकून. पहाटे साडेपाचला गाडी हलायची. पहिल्या थांब्यावर दुधाच्या किटल्या, मग कॉलेजची पोरं, मग कोर्टाची तारीख असलेले, मग पोटात दुखणारं लेकरू घेऊन आलेली बाई. तालुक्याला पोचेपर्यंत गाडी खच्चून भरलेली. पण आदल्या रात्रीच्या फेरीला शेवटच्या टप्प्यात मी आणि ड्रायव्हर दोघंच असायचो. वेबिलवर, म्हणजे फेरीच्या हिशोबपत्रकावर, शेवटच्या तिकिटाचा नंबर टाकताना उत्पन्न बघितलं की स्वतःलाच वाईट वाटायचं. आगारात विचारणा व्हायची, भारमान (गाडी किती भरली ते) का कमी? साहेब, रात्रीची रिकामी गेली म्हणून पहाटेची भरली. ती गावात पोचलीच नसती तर सकाळी निघाली कुठून असती?

ही जोडी एका हिशोबात धरावी लागते. आगाराचे जुने साहेब ती धरायचे. फेरी-फेरीचा हिशोब ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवसापासून मुक्कामी गाड्या मरायला लागल्या. हे मी ठेकेदार यायच्या आधीचं सांगतोय. म्हणजे दोष फक्त बाहेरच्यांचा नाही.

दुसरी गोष्ट. एसटी तोट्यात म्हणतात, पण तिच्या तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर आहे. टोल वेगळा. डिझेल तिचं ती घेते. सवलतीचे पैसे सरकारकडून यायला उशीर झाला की पगार लांबतात. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या कार्यशाळांत आम्ही स्वतः गाड्यांची बॉडी बांधायचो. लाल गाडीचा प्रत्येक स्क्रू आपल्या माणसाला माहीत असायचा, म्हणून घाटात बंद पडली तरी तासाभरात चालू व्हायची.

---

घाटकोपरकर:

मुंबईबद्दल लिहितो.

९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात ३३२ क्रमांकाच्या विजेच्या बसने माणसांना चिरडलं. ९ जण गेले. चालक ठेकेदाराकडचा होता. आधीचा सराव वेगळ्या गाड्यांचा आणि या गाडीचं प्रशिक्षण जेमतेम तीन दिवसांचं, असं बातम्यांत आलं. सगळा राग त्या एका माणसावर निघाला. पण त्याला त्या गाडीवर बसवायचा निर्णय कोणी घेतला, त्याची चाचणी कोणी घेतली, हे दोन-तीन पायऱ्यांमध्ये विभागलेलं असतं. बेस्ट म्हणणार ठेकेदार, ठेकेदार म्हणणार बेस्टने पास केलं. हीच ती जबाबदारीची फट.

ऑगस्ट २०२३ मध्ये भाड्याच्या गाड्यांवरच्या चालकांनी संप केला होता. मागणी साधी होती: त्याच रस्त्यावर तीच बस चालवतो, तर पगार तेवढाच द्या. माझा मावसभाऊ एका शहरात (नाव लिहीत नाही) अशाच गाडीवर आहे. तीन वर्षांत मालक दोनदा बदलले, प्रत्येक वेळी नवं नेमणूकपत्र आणि नोकरी पहिल्या दिवसापासून सुरू. आजारपणाची रजा घेतली की पैसे कापले जातात, म्हणून अंगात ताप असताना तो गाडीवर जातो. अशा माणसाच्या हातात आपण पन्नास-साठ जीव देतो.

---

हिशोबनीस:

घाटकोपरकर, यावर माझ्याकडे बचाव नाही. प्रशिक्षणाचे तास, पगाराची किमान पातळी आणि सेवेचं सातत्य करारातच बांधून घ्यायला हवं. नसेल तर तो करार वाईट आहे.

---

पावसाळी_मँचेस्टर:

लंडनचा उल्लेख आला म्हणून लिहिते. मूळची सांगलीची, बरीच वर्षं मँचेस्टरला आहे.

ब्रिटनमध्ये लंडन हा अपवाद आहे. बाकी देशात २६ ऑक्टोबर १९८६ पासून बससेवा पूर्ण मोकळी केली. कोणीही कंपनी यावी, हवा तो मार्ग घ्यावा, हवं ते भाडं लावावं. स्पर्धा होईल, भाडी उतरतील असं सांगितलं होतं. झालं असं की विद्यापीठाकडे जाणाऱ्या विल्म्सलो रोडवर बसमागे बस, आणि बाहेरच्या वस्त्यांत संध्याकाळनंतर काही नाही. तोट्यातल्या फेऱ्या चालू ठेवायच्या तर कौन्सिलने कराच्या पैशातून त्याच कंपन्यांना वेगळे पैसे द्यायचे. नफ्याचे मार्ग त्यांचे, तोट्याचे आमचे. एका कंपनीचा पास दुसरीत चालायचा नाही. लंडनबाहेर बसचे प्रवासी वर्षानुवर्षं घटत गेले, लंडनमध्ये वाढले. फरक एवढाच की लंडनने आखणी हातातून सोडली नाही.

ग्रेटर मँचेस्टरने ती परत घ्यायचं ठरवलं. २०१७ चा कायदा, २०२१ मध्ये महापौरांचा निर्णय, मग कंपन्या कोर्टात. त्या हरल्या तेव्हा २०२२ उजाडलं होतं. पहिल्या पिवळ्या बस सप्टेंबर २०२३ मध्ये आल्या, शेवटचा टप्पा जानेवारी २०२५ मध्ये. सोडायला एक दिवस लागला, परत मिळवायला अडतीस वर्षं. आजही चालवणाऱ्या कंपन्या खाजगीच आहेत, पण डेपो सार्वजनिक संस्थेने विकत घेतले. हे मुद्दाम लिहितेय, कारण डेपो ज्याच्या हातात त्याच्याशी स्पर्धा करायला दुसरा कोणी येऊच शकत नाही.

तर हिशोबनीस बरोबर आहेत की खाजगी चालक चालू शकतो. पण माणदेशींचा मुद्दा त्याच्याही आधीचा आहे: निर्णय आणि तो अमलात आणायची ताकद आपल्या हातात राहते का?

---

मांडवीकाठ:

गोव्यातून. आमच्याकडे कदंब हे सरकारी बस महामंडळ १९८० पासून आहे, पण रस्त्यावर राज्य खाजगी बसचंच. इथला मालक म्हणजे मोठी कंपनी नव्हे. एक बस, कर्ज काढून घेतलेली, मालक स्वतः ड्रायव्हर, नाहीतर घरातला कोणी कंडक्टर. सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी पुढच्या गाडीला गाठायची शर्यत, दुपारी अर्धा तास थांबून प्रवासी भरायचे, आणि दिवस मावळला की गाडी घरी. पणजीत उशिरा सुटणाऱ्या दुकानातल्या मुलींना म्हणूनच स्कूटर घ्यावी लागते. एका पगारात हप्ता आणि पेट्रोल.

अलीकडे 'म्हजी बस' योजनेत अशा बसमालकांना कदंबच्या छत्राखाली आणून किलोमीटरमागे पैसे द्यायचं ठरलं. म्हणजे मुंबईत जी पद्धत त्रास देते तीच इथे सुधारणा ठरू शकते, कारण शर्यत थांबते. जिथे काहीच नव्हतं तिथे किलोमीटरचा करार ही एक पायरी वर आहे. जिथे चांगला ताफा होता तिथे ती खाली.

---

माणदेशी:

मांडवीकाठ, हे वाक्य मी लिहून ठेवतोय. मला हा फरक मांडता आला नव्हता.

---

राजवाडा_इंदूर:

थोडं आमचंही ऐका. मध्य प्रदेशने २००५ च्या सुमारास राज्य परिवहन महामंडळच बंद केलं. तेव्हापासून गावाकडची वाहतूक सगळी खाजगी. इंदूर-भोपाळसारख्या रस्त्यांवर गाड्या भरपूर आणि चांगल्याही. आडगावात सणाच्या दिवसांत भाडं काय सांगतील त्याला धरबंद नाही. महाराष्ट्रात जाणाऱ्या आमच्यासारख्यांना एसटीच आधार, ती इंदूरपर्यंत येते. २०२५ मध्ये इथल्या सरकारने सरकारी देखरेखीखाली पुन्हा बससेवा सुरू करायचा निर्णय घेतला. पण आता जुन्या आगारांच्या जागा, माणसं, सगळं नव्याने उभं करायचंय.

---

सुमती_ठाणे:

दिल्लीचंही कोणीतरी लिहायला हवं. १९९२ नंतर तिथे खाजगी बस आल्या, आधी रेडलाइन, मग ब्लूलाइन. रोजच्या गल्ल्यावर चालकाची कमाई, म्हणून बेफाम पळवायचे. २००७ मध्ये एका वर्षात शंभरावर माणसं त्या बसखाली गेली. शेवटी त्या हटवाव्या लागल्या.

---

पुणे३०:

पीएमपी विसरू नका. मार्च २०२३ मध्ये ठेकेदारांची बिलं थकली म्हणून त्यांनी अचानक गाड्या बंद ठेवल्या. शहराची बससेवा अर्धी ठप्प. परीक्षांचे दिवस होते. बिल थकणं ही संस्थेची चूक, मान्य. पण भांडण दोघांचं आणि वेठीला शहर.

हिशोबनीस यांना प्रश्न: चांगला करार लिहायचा तर गाड्या, इंजिन, बॅटरी, सुटे भाग, वेळापत्रक समजणारी माणसं आपल्या बाजूला हवीत ना? आपण त्याच माणसांची भरती बंद केलीये. मग करारावर देखरेख करणार कोण, सल्लागार कंपनी?

---

हिशोबनीस:

योग्य प्रश्न आहे. माझं मत थोडं पुढे नेतो: निम्मा तरी ताफा स्वतःचा असावा. फक्त प्रवाशांसाठी नव्हे, तर एका किलोमीटरला खरोखर किती खर्च येतो हे स्वतःला माहीत असावं म्हणून. स्वतःची गाडी न चालवणारी संस्था ठेकेदाराचा दर खरा की फुगवलेला हे ओळखूच शकत नाही. ३,३३७ चा आकडा पाळला असता तर बेस्टकडे ती ताकद राहिली असती.

एसटीत यावर थोडी हालचाल दिसतेय. ५,१५० विजेवरच्या गाड्या भाड्याने घ्यायचा करार झाला होता, गाड्या वेळेत आल्या नाहीत आणि २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनीच करार रद्द करायची भाषा केली. दुसरीकडे स्वतःच्या मालकीच्या २,६४० लाल गाड्यांची मागणी नोंदवली, त्या यायला लागल्या. पैसा कुठून येतो आणि किती वर्षं येत राहतो यावर पुढचं ठरेल. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झालीच आहे. तेवढ्याने भागणार नाही.

---

शेवंती:

एक व्यावहारिक विचारते. आमच्या शाळेच्या मार्गावरची दुपारची फेरी कमी उत्पन्नाचं कारण देऊन बंद करायचं घाटतंय असं कानावर आलंय. नेमकं कोणाकडे आणि कसं लिहायचं?

---

निवृत्त_वाहक:

ताई, नुसतं "गाडी सुरू ठेवा" असं निवेदन देऊ नका, ते फायलीत जातं. असं करा.

शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीने पासधारक मुलामुलींची यादी, गाववार. शाळा सुटण्याची वेळ आणि सध्याच्या फेरीची वेळ शेजारी शेजारी लिहा. पुष्कळदा गाडी शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधी निघून जाते आणि मग कागदावर भारमान कमी दिसतं. तसं असेल तर फेरी बंद करायची नाही, वेळ बदलायची, हे स्पष्ट मागा. पास आणि सवलतीचे प्रवासी उत्पन्नात कसे धरलेत हेही विचारा.

ग्रामसभेचा ठराव जोडा. मार्गावरच्या तीन-चार गावांचे ठराव असले तर वजन पडतं. एक प्रत आगार व्यवस्थापकांना, एक विभाग नियंत्रकांना, पोच घ्या. सोबत माहिती अधिकारात त्या मार्गावरच्या गेल्या वर्षभरातल्या रद्द फेऱ्यांचा तपशील कारणासह मागा. गाडी नाही म्हणून रद्द, चालक नाही म्हणून रद्द, हे महिन्यावार निघेल. रोज न येणाऱ्या गाडीला प्रवासी मिळत नाहीत हे तुम्हाला त्यांच्याच कागदावरून दाखवता येईल.

आणि हे सगळं मे महिन्यातच पोचवा. शाळा सुरू झाल्यावर वेळापत्रक बदलून घेणं फार अवघड जातं. यादीचा मसुदा इथे टाकलात तर मी बघून देतो.